प्रोस्टेट काढल्यानंतर गळती: सकाळी कोरडे, संध्याकाळी ओले, असं का?

पाऊलवाट (प्रश्न)

वडील ६४ वर्षांचे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रोबोटिक पद्धतीने पूर्ण ग्रंथी काढली, त्याला पाच आठवडे झाले. दहाव्या दिवशी नळी निघाली. पॅथॉलॉजीच्या अहवालात ग्रेड ग्रुप २ (पाच पायऱ्यांतली दुसरी), कडा स्वच्छ, लसिकाग्रंथी स्वच्छ, म्हणजे दोन्हीत कॅन्सर नाही. दोन्ही बाजूंच्या ताठरतेच्या नसा राखल्याचं डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय. पहिली पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर नजर ठेवणारी रक्तचाचणी) अजून व्हायची आहे.

सध्याची स्थिती अशी: रात्री जवळजवळ कोरडे. सकाळी उठल्यापासून अकरा-बारापर्यंत एकच पॅड पुरतो. दुपारी चारनंतर मात्र उभं राहिलं की गळते, खोकलं की गळते, आणि झोपेपर्यंत तीन-चार पॅड जातात. केगेल (श्रोणितळाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम) दिवसाला दोनशेच्या वर होतात, त्यातले बरेचसे संध्याकाळी, कारण गळती तेव्हाच जास्त असते. पाणी लिटरभरावर आणलं आहे. तरीही लघवीची घाई होते आणि लघवी गडद असते. जांघेत कातडी लाल झाली आहे.

ताठरतेसाठी रोज टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम लिहून दिली आहे. काहीच फरक नाही, म्हणून ती बंद करावी असं त्यांना वाटतंय.

विचारायचं हे की व्यायाम वाढवावा की पद्धत चुकतेय? पॅड आणि कातडीचं काय करावं? गोळी सोडावी का? आणि गळती किती दिवसांत थांबली नाही तर पुढचा विचार करायचा?

तळस्नायू (पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी)

आधी व्यायाम निम्म्याहून कमी करा. वाचायला विचित्र वाटेल, पण सकाळी कोरडे आणि संध्याकाळी ओले हे चित्र बहुतेक वेळा थकलेल्या स्नायूचं असतं. आधीच थकलेल्या स्नायूला संध्याकाळी आणखी शंभर वेळा राबवलं तर गळती वाढणारच.

कारण समजून घ्या. शस्त्रक्रियेआधी लघवी अडवायला दोन बंदोबस्त होते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली आतली झडप, जी आपोआप चालते, आणि तिच्याखाली मूत्रमार्गाभोवतीचा बाहेरचा स्फिंक्टर (आवळून लघवी रोखणारा गोल स्नायू). ग्रंथी काढताना आतल्या झडपेचा मोठा भाग जातो किंवा निकामी होतो, आणि मूत्राशयाचं तोंड थेट मूत्रमार्गाला शिवलं जातं. आता सगळा भार बाहेरच्या स्फिंक्टरवर. आडवं झाल्यावर त्याच्यावर वरून दाब नसतो, म्हणून रात्र कोरडी जाते. दिवसभर उभं राहून, चालून, उठून-बसून तो दमतो. रात्र कोरडी असणं ही चांगली खूण आहे. स्फिंक्टर शाबूत आहे, त्याची ताकद आणि दम कमी पडतोय एवढाच त्याचा अर्थ.

आता पद्धत. 'संडास रोखल्यासारखं आवळा' एवढंच सांगितलेलं असेल तर बहुतेक जण गुदद्वाराभोवतीचा मागचा भाग आवळतात. लघवीचा स्फिंक्टर पुढे आहे. पुरुषांसाठी जास्त उपयोगी सूचना ही: लिंग आत ओढून आखूड करायचंय, आणि त्याच वेळी वृषणं किंचित वर उचलायची आहेत. कपडे काढून आरशासमोर उभं राहून पाहावं. योग्य आवळलं तर लिंगाचं मूळ किंचित आत जातं आणि वृषणं वर सरकतात. कुल्ले घट्ट झाले, मांड्या जवळ आल्या, पोट फुगलं किंवा श्वास अडकला तर ते चुकलं. आणखी एक पडताळा: अंडकोशाच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे दोन बोटं ठेवा. आवळताना तिथला भाग बोटांपासून आत आणि वर गेला पाहिजे. बोटांवर खाली फुगवटा येत असेल तर आवळण्याऐवजी कुंथलं जातंय, आणि त्याने नुकसानच होतं.

लघवी करताना मध्येच धार थांबवून पाहणं हा स्नायू ओळखण्याचा मार्ग म्हणून एखाद्या वेळी ठीक. रोजचा व्यायाम म्हणून नको. मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

मात्रा: एका बैठकीत दहा सावकाश आवळ्या. न सुटता जितके सेकंद धरता येतं तितकेच धरायचे, सुरुवातीला चार-पाच सेकंदही पुरे. प्रत्येक आवळीनंतर तेवढाच किंवा दुप्पट वेळ पूर्ण सैल सोडायचं. सोडणं हासुद्धा व्यायामाचाच भाग आहे, त्यावर घाई नको. त्यानंतर दहा झटपट आवळ्या, एक सेकंद आवळ, एक सेकंद सोड. अशा तीन बैठका. पहिली सकाळी उठल्यावर आडव्यानेच, दुसरी साडेदहा-अकराला बसून, तिसरी दुपारी विश्रांतीनंतर उभं राहून. संध्याकाळी सहानंतर वेगळी बैठक नाही. धरण्याचा वेळ आठवड्याला एखाद-दोन सेकंदांनी वाढवत दहापर्यंत न्यावा. मोजणी मोठ्याने करावी. आवाज निघतोय म्हणजे श्वास चालू आहे.

बैठकांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे स्नायू नेमक्या वेळी वापरणं. गळती कशाने होते? उठताना, खोकताना, वजन उचलताना. म्हणून खुर्चीतून उठण्याआधी एक सेकंद आवळा, श्वास सोडत उठा, पूर्ण उभे राहिल्यावर सोडा. खोकल्याआधी, शिंकेआधी, पायरी चढण्याआधी तसंच. सुरुवातीला प्रत्येक वेळी आठवण ठेवावी लागते, काही आठवड्यांत ते अंगवळणी पडतं. दिवसभर सतत आवळून फिरायचं नाही. तसं फिरणाऱ्यांना ओटीपोटात दुखतं आणि संध्याकाळी धरण उघडल्यासारखं होतं.

दुपारी अर्धा तास सपाट आडवं पडणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपाय आहे. दोन-तीनच्या सुमारास पडलं तर संध्याकाळचे पॅड कमी झालेले दिसतात. स्नायूची ताकद वाढायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत निकाल मागू नका. आरसा आणि बोटं वापरूनही स्नायू सापडत नसेल तर बायोफीडबॅक (स्नायू आवळतोय का हे यंत्रावर दाखवणं) किंवा अंडकोशामागून केलेल्या सोनोग्राफीवर पडद्यावर पाहून शिकवता येतं. दोन-तीन भेटींत बहुतेकांना जमतं.

रात्रपाळी (मूत्ररोग विभागात नर्सिंग)

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी पॅड, पाणी आणि कातडीबद्दल लिहिते.

पॅड मोजू नका, वजन करा. कोणी तीस ग्रॅमला पॅड बदलतं, कोणी दोनशेला, त्यामुळे 'दिवसाला पाच पॅड' यातून काहीच कळत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. कोऱ्या पॅडचं वजन एकदा लिहून ठेवा. वापरलेला प्रत्येक पॅड लगेच बंद पिशवीत टाका, उघडा ठेवला तर ओल उडते. चोवीस तासांचं एकूण वजन करून त्यातून कोऱ्या पॅडांचं आणि पिशव्यांचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, साधारण सारख्याच हालचालीच्या दिवशी करा. रोज केलं तर चढउतार पाहून नुसती काळजी वाढते. दुपारी चारआधीचं आणि नंतरचं वजन वेगळं लिहिलंत तर आणखी उत्तम.

पाणी परत वाढवा. लिटरभर पाण्यावर लघवी घट्ट होते, ती मूत्राशयाला चुरचुरते, म्हणून घाई. त्यातून बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं आणि श्रोणितळावर पुन्हा ताण. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्याचं बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर, घोट घोट करून. लघवीचा रंग फिका पिवळा राहिला पाहिजे. झोपायच्या दोन तास आधी थांबावं. चहा, कॉफी, सोड्याची पेयं आणि मद्य मूत्राशयाला चेतवतात. एकदम बंद न करता निम्म्यावर आणून आठवडाभर फरक पाहावा.

'जाऊन येऊ, उगाच गळायला नको' म्हणून दर अर्ध्या तासाला लघवीला जात असतील तर ती सवय मोडायला हवी. कॅथेटर असताना मूत्राशय सतत रिकामं होतं, त्याला भरायची सवय राहिलेली नसते. तीन दिवस नोंद ठेवा: किती वाजता, किती मिलिलिटर. मोजमापाचं भांडं वापरा. प्रत्येक वेळी शंभरच्या आत येत असेल तर दोन लघव्यांमधलं अंतर दर काही दिवसांनी पंधरा मिनिटांनी वाढवत दोन-तीन तासांवर न्या. घाई आली की पळत सुटू नये. जागीच थांबून पाच-सहा झटपट आवळ्या द्याव्यात, लाट ओसरते, मग चालत जावं.

पॅड लघवीसाठी बनवलेलाच घ्या, पुरुषांसाठीचा, पुढे खोलगट असलेला. पाळीचे पॅड लघवीचा लोंढा तितक्या वेगाने शोषत नाहीत, कडेने वाहून जातो. एकावर एक दोन पॅड लावण्यात अर्थ नाही, कारण वरच्याच्या मागे प्लास्टिकचा थर असतो आणि खालच्यापर्यंत लघवी पोचतच नाही. लिंग खालच्या दिशेने असावं, चड्डी अंगाबरोबर बसणारी. सैल चड्डीत पॅड सरकतो आणि लोक पॅडला दोष देतात.

कातडीसाठी: कोमट पाण्याने धुवा, साबण दिवसातून एकदाच आणि सौम्य. घासू नका, टिपून कोरडं करा. झिंक ऑक्साइड किंवा डायमेथिकोन असलेलं क्रीम अगदी पातळ लावा. जाड थर दिला की तो पॅडला चिकटतो आणि पॅडचं शोषणं बंद होतं. पावडर नको, ओलाव्यात तिच्या गुठळ्या होऊन घासतं. लाल पट्ट्याच्या कडेने सुटे सुटे लाल ठिपके आणि खाज असेल तर ती बुरशी असण्याची शक्यता जास्त, मग क्लोट्रिमाझोलसारखं बुरशीविरोधी मलम लागतं. नुसत्या झिंकने ती जात नाही.

गळती रोखायला लिंगाला लावायचा चिमटा (क्लॅम्प) बाहेर जाताना काही जण वापरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त नको, झोपेत कधीच नको. टोक निळसर किंवा बधिर झालं तर लगेच काढा. आणि संडासला कडक होत असेल तर लॅक्टुलोज किंवा मॅक्रोगोल ठीक. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची औषधं सर्जनने परवानगी देईपर्यंत अजिबात नकोत. शिवलेला जोड गुदाशयाच्या अगदी समोर असतो.

पाऊलवाट

दोघांचे आभार. आज वजन केलं: चोवीस तासांत ३१० ग्रॅम, त्यातले २२५ चारनंतरचे. आरशासमोर पाहिल्यावर लक्षात आलं की कुल्लेच आवळले जात होते.

आणखी एक गोष्ट विचारल्यावर कळली. गेल्या आठ-दहा दिवसांत धार बारीक झाली आहे. सुरू व्हायला वेळ लागतो आणि दोन टप्प्यांत होते. नळी निघाल्यावर धार जोरदार होती. याचा गळतीशी संबंध असू शकतो का? चालू औषधं: टॅडालाफिल ५, रक्तदाबासाठी रामिप्रिल, पायाच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड दुपारी एक वाजता, आणि टॅमसुलोसिन, जी शस्त्रक्रियेआधीपासून चालू आहे.

उत्तरवारा (मूत्ररोगतज्ज्ञ)

बारीक झालेली धार हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत बाकीचं मागे ठेवा.

ग्रंथी गेल्यावर अडथळाच उरत नाही, त्यामुळे धार आधीपेक्षा चांगली असायला हवी. आधी जोरदार होती आणि मग बारीक होत गेली, तर मूत्राशय आणि मूत्रमार्गाच्या जोडावर व्रण आवळतोय का हे पाहायलाच हवं. हा आकुंचनाचा त्रास बहुधा पहिल्या काही महिन्यांत दिसतो. तसं असेल तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, भरलेलं राहतं आणि वरून सांडतं. ती गळती कितीही केगेल केले तरी थांबत नाही, कारण तिथे कमकुवत स्नायू हा प्रश्नच नसतो.

तपासणी सोपी आहे. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, कारण जंतुसंसर्गानेही घाई होते आणि धार बिघडते. युरोफ्लोमेट्री, म्हणजे यंत्रात लघवी करून धारेचा वेग पाहणं. त्यासाठी मूत्राशयात किमान १५० मिलिलिटर लघवी हवी, नाहीतर आलेख विश्वासार्ह नसतो. म्हणून जाताना पाणी पिऊन, लघवी न करता जा. त्यानंतर लगेच सोनोग्राफीवर किती लघवी मागे उरली ते पाहायचं. कमाल वेग सेकंदाला दहा मिलिलिटरच्या आत आणि मागे शंभरपेक्षा जास्त उरत असेल तर दुर्बिणीने जोड पाहावा लागतो. आकुंचन आढळलं तर ते रुंद करतात किंवा दुर्बिणीतून छेद देतात. हे पुन्हा होऊ शकतं. आणि अडथळा गेल्यावर काही आठवडे गळती वाढलेली दिसू शकते. त्याची कल्पना आधीच असलेली बरी.

ही तपासणी याच आठवड्यात करा, पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका. लघवी पूर्ण अडली, ओटीपोट तट्ट झालं, गुठळ्या आल्या तर त्याच तासाला रुग्णालयात. तिथे कोणी घाईने नळी घालायला निघालं तर पाच आठवड्यांपूर्वी प्रोस्टेट काढल्याचं आधी सांगा. नव्या जोडातून अंदाजाने नळी घालताना चुकीचा मार्ग तयार होऊ शकतो. ते काम मूत्ररोगतज्ज्ञानेच करायचं, गरज पडल्यास दुर्बिणीखाली. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर जाणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं या लक्षणांतही वाट पाहत थांबायचं नाही. पायाची सूज लिहिली आहे म्हणून विचारतो: ती दोन्ही पायांना जुनी आहे की शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाला आली? एकाच पायाला असेल तर शिरेतली गुठळी आणि लसिकाग्रंथी काढल्या तिथे साठलेलं पाणी, दोन्ही पाहावी लागतील.

धार ठीक निघाली तर गळतीचं वेळापत्रक असं. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, त्यानंतर हळूहळू बारा महिन्यांपर्यंत. प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात शस्त्रक्रिया वाट्याला आलेल्या गटात सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. यातले बरेच जण खबरदारी म्हणून एखादा पॅड वापरणारे असतात. त्यामुळे पाचव्या आठवड्याला ३१० ग्रॅम हे घाबरण्यासारखं नाही. आठवड्याच्या वजनाचा कल उतरता आहे ना, एवढंच पाहा.

सहा महिन्यांनंतर सुधारणाच थांबली असेल आणि गळती त्रासदायक असेल तर पुढचं बोलणं सुरू करता येतं. बहुतेकदा वर्षभर वाट पाहतात. थोड्या ते मध्यम गळतीला, आणि रेडिएशन झालं नसेल तर, मूत्रमार्गाला आधार देणारी जाळीची पट्टी बसवतात. जास्त गळतीला, साधारण चारशे ग्रॅमच्या पुढे, किंवा रेडिएशन झालेलं असेल तर कृत्रिम स्फिंक्टर. त्याचे तीन भाग: मूत्रमार्गाभोवती पट्टा, ओटीपोटात द्रवाचा फुगा, अंडकोशात पंप. पंप दाबला की पट्टा सैल होतो, लघवी करून झाली की दोन-तीन मिनिटांत तो आपोआप आवळतो. बसवल्यावर साधारण सहा आठवड्यांनी तो चालू करतात. बोटांत पंप दाबायचं बळ हवं आणि लक्षात राहायला हवं. पुढे कधीही कोणाला नळी घालायची झाली तर आधी पट्टा सैल करून उपकरण बंद करावं लागतं, नाहीतर मूत्रमार्गाला इजा होते. म्हणून त्याचं कार्ड कायम खिशात.

आता गोळी. ताठरतेच्या नसा राखल्या तरी ग्रंथीपासून सोडवताना त्या ताणल्या जातात. कापल्या नसल्या तरी त्या काही काळ मुक्या होतात. पाचव्या आठवड्याला काहीच न होणं हे अपेक्षितच आहे, त्यावरून गोळी निकामी ठरत नाही. नसांना जागं व्हायला अठरा ते चोवीस महिने लागू शकतात. आधीची ताठरता, वय, मधुमेह आणि धूम्रपान यांवर बरंच अवलंबून असतं. रोजच्या गोळीने गोळीशिवायची ताठरता हमखास परत येते असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही, हेही सांगायला हवं. तरी ती देतात, कारण या मधल्या काळात लिंगातल्या ऊतींना रक्तपुरवठा मिळत राहावा, त्या आकसू नयेत. सोबत व्हॅक्यूम पंप (हवा ओढून लिंगात रक्त आणणारं उपकरण) रोज दहा मिनिटं, मुळाशी रिंग न लावता, हा बहुतेकांना जमणारा उपाय आहे. संभोगासाठी रिंग लावली तर तीस मिनिटांच्या आत काढायची.

काही महिन्यांनी गरजेपुरती गोळी वापरून पाहायची झाली तर सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी, तासभर आधी, आणि उत्तेजन हवंच. गोळी स्वतःहून काही करत नाही. सहा-आठ वेळा नीट वापरल्याशिवाय 'लागू पडत नाही' म्हणू नये. नसा काढाव्या लागल्या असतील तर गोळ्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. त्यांच्यासाठी, आणि गोळी न लागू पडणाऱ्यांसाठी, लिंगाच्या बाजूला टोचायचं इंजेक्शन आहे, अल्प्रोस्टाडिल एकटं किंवा पापाव्हेरिन आणि फेंटोलामाइनसोबत. पहिली मात्रा दवाखान्यातच ठरवतात. बाजू आलटून पालटून, दोन वेळांत किमान चोवीस तास, आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाही, टोचल्यावर काही मिनिटं दाबून धरायचं. चार तासांहून जास्त वेळ ताठरता राहिली तर ती आणीबाणी आहे. सकाळपर्यंत थांबायचं नाही. यापुढचा मार्ग म्हणजे लिंगात कृत्रिम रोपण (इम्प्लांट) बसवणं, पण नसांना पुरेसा वेळ देऊन झाल्यावर.

पीएसएबद्दल थोडक्यात. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पहिली, नेहमी एकाच प्रयोगशाळेत. अपेक्षा ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली. अतिसंवेदनशील चाचणीत ०.०१ चं ०.०२ झालं म्हणून झोप उडवून घेऊ नका. दोन वेळा ०.२ किंवा त्याहून जास्त आली तर त्याला कॅन्सर परतल्याची खूण मानतात, आणि तेव्हा रेडिएशनचा निर्णय लवकर घेतलेला बरा असतो. रेडिएशन स्फिंक्टरलाही झळ लावतं, म्हणूनही पहिल्या वर्षात गळती आटोक्यात आणणं महत्त्वाचं.

मात्रापत्र (औषधनिर्माता)

औषधांच्या यादीत संध्याकाळच्या गळतीची निदान दोन कारणं दिसतात.

टॅमसुलोसिन प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते. वाढलेल्या ग्रंथीचा अडथळा कमी करण्यासाठी ती दिली होती. ती ग्रंथीच आता नाही. शस्त्रक्रियेनंतर जुन्या चिठ्ठीवरून ती चालू राहणं ही फार वेळा होणारी चूक आहे. शिवाय टॅडालाफिलसोबत रक्तदाब उतरून उठताना चक्कर येऊ शकते. सध्या धार बारीक आहे, म्हणून स्वतःहून बंद करू नका. युरोफ्लो पाहून डॉक्टरांनाच नेमका प्रश्न विचारा: ही अजून कशासाठी?

फ्युरोसेमाइड दुपारी एक वाजता. तोंडावाटे घेतल्यावर तिचा जोर पुढचे सहा तास असतो. म्हणजे स्फिंक्टर सगळ्यात थकलेला असतो त्याच वेळी मूत्राशय सगळ्यात वेगाने भरतंय. डॉक्टरांना विचारून ती सकाळी सातला घेता आली तर लोंढा दुपारपर्यंत ओसरतो.

रामिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. खोकला असेल तर तेही सांगा, प्रत्येक ढास म्हणजे एक पिचकारी. त्या गटाऐवजी दुसरं औषध मिळू शकतं. मधुमेह असेल आणि एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिन चालू असेल तर त्याने लघवी वाढते आणि जांघेत बुरशीही होते.

घाईसाठी सॉलिफेनासिन किंवा ऑक्सिब्युटिनिन या मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या मागायचा मोह होईल. मागे किती लघवी उरते ते कळेपर्यंत नको, त्याने लघवी अडू शकते. सर्दीच्या गोळ्यांमधल्या स्यूडोएफेड्रिननेही तेच होऊ शकतं. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेट कधी दिलं तर टॅडालाफिल घेतोय हे सांगायलाच हवं. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो.

पाऊलवाट

सूज दोन्ही घोट्यांना आहे, जुनीच. उद्या सकाळी युरोफ्लो आणि सोनोग्राफी ठरली. औषधांची यादी आणि वजनाची वही सोबत नेतोय.

शेवटचा प्रश्न, जो घरात कोणी विचारत नाही. शरीरसंबंधाच्या बाबतीत काय बदलतं हे आई-वडिलांना दोघांना एकत्र कोणी सांगितलेलं नाही. भेटीत नेमकं काय विचारावं?

रात्रपाळी

दोघांना एकत्र बसवून सांगायला हवंच, आणि ते काम मुलाचं नसून आमचं आहे. भेट ठरवताना 'दोघांना लैंगिक पुनर्वसनाबद्दल बोलायचं आहे, तेवढा वेळ ठेवा' असं आधीच कळवा, म्हणजे दहा मिनिटांच्या भेटीत शेवटच्या मिनिटाला तो विषय काढावा लागत नाही.

दोघांना माहीत असायला हवं ते हे. आता वीर्य बाहेर येणार नाही, कायमचं, कारण ते बनवणाऱ्या प्रोस्टेट आणि शुक्राशय या दोन्ही ग्रंथी काढल्या आहेत. तृप्तीचा क्षण मात्र येऊ शकतो, ताठरता नसतानाही. तो वाहून नेणाऱ्या नसा वेगळ्या आहेत. काहींना तो आधीपेक्षा फिका वाटतो, काहींना सुरुवातीला थोडं दुखतं, पुढे बहुधा कमी होतं. त्या क्षणी थोडी लघवी येणंही नेहमीचं आहे. आधी मूत्राशय रिकामं करावं, खाली टॉवेल ठेवावा, हवं तर कंडोम वापरावा. जोडीदाराला त्या लघवीने काही अपाय होत नाही. कॅन्सर संबंधातून लागत नाही, हे न विचारताही सांगावं. ती शंका मनात ठेवून गप्प राहणाऱ्या बायका खूप असतात. लिंग थोडं आखूड भासतं, पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त, नंतर थोडं सावरतं. वाक आला किंवा आत कडक गाठ लागली तर दाखवावं.

कधी सुरू करावं? टाके आणि जोड भरलेत असं सर्जनने सांगितल्यावर, साधारण सहा आठवड्यांनंतर. प्रवेशाशिवायची जवळीक त्याआधीही चालते. वडिलांच्या बाबतीत मात्र आधी उद्याच्या सोनोग्राफीचे आकडे येऊ देत: कमाल वेग, एकूण किती झाली आणि मागे किती उरली, हे तिन्ही इथे लिहा.